अकरा पाण्यांनी धुतलेली वाळू

रेतीमास्तरांना खरं नावही होतं, पण ते फक्त हजेरीपत्रकावर. चौतीस वर्षं बांधकामाच्या फाटकात उभं राहून आलेल्या प्रत्येक ट्रकची वाळू ज्याने तपासली, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्यांच्या तपासणीला ना यंत्र लागायचं, ना चष्मा. चिमूटभर वाळू तळहातावर चोळायची. हात मळला तर वाळूत माती. बरणीत वाळू आणि पाणी घालून खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. सकाळी वाळूवर गाळाचा थर नखापेक्षा जाड दिसला तर ट्रक परत. आणि शेवटी जीभ. चार कण जिभेवर ठेवायचे. खारट लागले तर ट्रकवाल्याने चहासुद्धा न पिता गाडी वळवायची. शिंपल्याचा तुकडा दिसला तर जिभेपर्यंत जायचीही गरज नसे. ट्रकवाले त्यांच्यासमोर अदबीने उभे राहत आणि पाठ वळली की जीभ बाहेर काढून त्यांची नक्कल करत. पण शहरातल्या निम्म्या भिंती त्या जिभेच्या भरवशावर उभ्या होत्या, आणि अजून एकीलाही तडा गेला नव्हता.

"लग्नाआधी मला भेटायला आले तेव्हा बरणीत घालून हलवलं नाही, एवढंच नशीब," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मास्तर त्यावर हसत नसत. त्यांच्या मते हलवून बघण्यात गैर काहीच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांतच ते घरातली साखर चाळताना सापडले. बायकोने चाळण काढून घेतली आणि लेकीला फोन केला, की तुझ्या बाबांना काहीतरी काम दे, नाहीतर ते मीठ धुवायला घेतील.

लेकीचा व्यवसाय मास्तरांना कधीच नीट कळला नव्हता. ती दुसऱ्यांच्या टाक्या सांभाळत असे. पाण्याच्या टाक्या म्हटलं की मास्तरांच्या डोळ्यांसमोर गच्ची येई. या टाक्या मात्र काचेच्या, खाऱ्या पाण्याच्या, आत जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे असलेल्या. लोक आपला दिवाणखाना सोडून समुद्र बघायला जात, हे मास्तरांना समजत होतं. समुद्रच दिवाणखान्यात आणून ठेवणारी माणसं कोण, हे कळत नव्हतं. लेक सांगे, त्यातल्या सगळ्यात मोठ्या टाकीचा मालक दातांचा डॉक्टर आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ती टाकी होती. आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या माणसाला आतल्या यंत्राचा आवाज ऐकू येऊ नये, निदान डोळे तरी दुसरीकडे गुंतावेत, म्हणून. ती टाकी लेकीने स्वतः उभी केली होती. ती बघूनच तिला बाकीच्या टाक्या मिळाल्या होत्या.

लेकीला आठवा महिना लागला आणि तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पडून राहायला सांगितलं. बादल्या उचलायच्या नाहीत, टाकीत खांद्यापर्यंत हात घालून वाकायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काळजी करायची नाही. जावई कायम दौऱ्यावर. बाकीच्या टाक्या एका मैत्रिणीने घेतल्या, पण दवाखान्याच्या टाकीला तिला वेळ नव्हता. आणि दातांच्या डॉक्टरांच्या टेबलावर एका कंपनीचं कार्ड येऊन पडलं होतं. ती कंपनी गणवेश घातलेली माणसं पाठवत असे. एकदा ती माणसं आत शिरली की टाकी परत मिळायची नाही, हे लेकीला ठाऊक होतं. उशीला टेकून तिने ते सांगितलं तेव्हा तिचा हात पोटावर होता, पण काळजी टाकीची होती.

"त्या टाकीत काम काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"पुढच्या भागातली वाळू जुनी झालीय. थोडी थोडी काढून नवी घालायचीय."

मास्तर ताठ बसले. एवढ्या वर्षांत लेकीच्या तोंडून निघालेलं पहिलं कळण्याजोगं वाक्य ते.

लेकीने सगळं समजावून सांगितलं. काचेला लागून पुढची फक्त वरची वाळू नळीने ओढून घ्यायची, आठवड्याला पाव हिस्सा. मागे दगडांखालची वाळू ढवळायची नाही. तिथे काळा थर आहे, तो उसकटला तर सडक्या अंड्याचा वास येईल आणि मासे मरतील. नव्या वाळूची पिशवी कापायची, वाटीने वाळू घ्यायची, वाटी थेट तळाशी नेऊन तिरपी करायची. धुवायची नाही. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं. मास्तरांनी दोन्ही वेळा मान हलवली.

पण मान हलवणं वेगळं आणि मन वळणं वेगळं. घरी आल्यावर त्यांनी पिशवी उघडली. आत वाळू होती आणि तिच्यावर बोटभर गढूळ पाणी. वास डबक्याचा. पिशवीवर ही वाळू जिवंत आहे असं छापलं होतं. मास्तरांनी आजवर सिमेंटच्या पोत्यांवर काय काय छापलेलं वाचलं होतं. त्यांनी चार कण जिभेवर ठेवले. खारट. तळहातावर चोळली, हात पांढरा. भिंगाखाली धरली तर ती वाळू नव्हतीच, नुसता शिंपल्यांचा आणि प्रवाळांचा चुरा. ज्या तीन गोष्टींसाठी त्यांनी चौतीस वर्षं ट्रक माघारी पाठवले, त्या तिन्ही इथे एकाच पिशवीत बंद करून, वर रंगीत चित्र छापून विकत होते.

शिंपले काढणं शक्य नव्हतं, कारण मग काहीच उरलं नसतं. पण निदान धुता तर येत होती. पोरीला दिवस गेलेत, ती दमलीय, धुवायचा कंटाळा म्हणून धुवायची नाही म्हणाली असेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं. घमेल्यात घालून त्यांनी ती नळाच्या पाण्याने धुतली. दुसरं पाणी पहिल्यासारखंच दुधाळ निघालं, सातवं ताकासारखं, अकरावं काचेसारखं. मग जुन्या चादरीवर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवली. बरणीची परीक्षा घेतली, गाळ शून्य. असली स्वच्छ वाळू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. बायकोलाही बोलावून दाखवली. ती म्हणाली, छान आहे, आता माझी चादर द्या.

दवाखान्यात त्यांनी लेकीने सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. जुनी वाळू नळीने ओढली, नवी वाटीने तळाशी नेऊन सोडली. पाणी जराही हललं नाही. पांढरीशुभ्र पट्टी काचेला लागून अशी बसली की जणू कुणी टाइल बसवली. डॉक्टर आतून हातमोजे काढत आले आणि बघतच राहिले.

"तुमची मुलगी वाळू घालते तेव्हा तीन दिवस टाकीत दूध सांडल्यासारखं दिसतं," ते म्हणाले. "तुमचा हात स्वच्छ आहे."

मास्तरांनी हे घरी येऊन चार वेळा सांगितलं. लेकीला फोनवर मात्र जपून सांगितलं. तिने विचारलं, पाणी किती गढूळ झालं. अजिबात नाही, असं ते म्हणाले. अजिबात, असं तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, कमाल आहे बाबा, आणि तो विषय तिथेच राहिला. तिने तेव्हाच खोदून विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिला काळजी करायची मनाई होती, आणि ती आज्ञाधारक होती.

चौथ्या पाव हिश्श्यापर्यंत सगळं आलबेल होतं. मग एका सकाळी ती शुभ्र पट्टी तपकिरी दिसू लागली. नळीने वरचा थर ओढला तर खालून पांढरी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकिरी. मागची जुनी, मळकट, कधी न धुतलेली वाळू मात्र होती तशीच होती. मास्तर काचेसमोर बसून राहिले. धुतलेली घाण होते आणि न धुतलेली होत नाही, हा हिशेब त्यांच्या कुठल्याच बरणीत बसत नव्हता.

डॉक्टरांना हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. ते हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते, आणि हळू आवाजात जास्त भीती वाटते. "इथे बसून लोक माझी वाट बघतात," ते म्हणाले. "आत मी त्यांना सांगतो, दातांवर पिवळा थर चढू देऊ नका. आणि बाहेर माझ्याच टाकीत हा थर. दहा दिवस बघतो. नाहीतर त्या कंपनीला बोलावतो."

लेकीला सांगायचं की नाही, यावर घरात बोलणं झालं. बायकोचं मत स्पष्ट होतं, की ताकाला जाऊन भांडं लपवू नये. मास्तरांचं म्हणणं, की पोरीचा रक्तदाब वाढला तर? शेवटी ते शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेले. पिशवी तिथूनच आलेली. दुकान म्हणजे एक लांबट, दमट खोली. दोन्ही बाजूंना काचा आणि मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"काका, वाळू धुतली नाहीत ना?"

"अकरा पाण्यांनी," मास्तर म्हणाले. त्या आवाजात अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

दुकानदार स्टुलावर बसला. "नळाच्या? गोड्या पाण्याने?"

"आणि दोन दिवस उन्हात वाळवली."

"काका, तुम्ही वाळू मारलीत."

मग त्याने समजावलं. त्या डबक्यासारख्या पाण्यात, त्या गाळात, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. माशांची घाण तेच खातात. वाळू म्हणजे टाकीचं पोट. तुम्ही पोट धुऊन, उन्हात वाळवून परत बसवलंत. बरणीत शून्य गाळ दिसला तेव्हा झालेला आनंद मास्तरांना आठवला.

उपाय विचारला, आणि तिथेच गाडी चिखलात रुतली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक लुकडा, हातात गोगलगायींची पिशवी धरलेला; तो म्हणाला, वाळू हवीच कशाला, सगळी काढून टाका, तळ उघडा ठेवा, माझ्याकडे सहा वर्षं वाळू नाही. दुसरा जाड्या हसला आणि म्हणाला, म्हणून तर तुझी टाकी शवागारासारखी दिसते. वाळू चांगली चार बोटं खोल हवी, खालच्या थरात हवा पोचत नाही, तिथेच खरं काम होतं. दुकानदार दोघांनाही गप्प करत म्हणाला, चार बोटं म्हणजे चार वर्षांनी फुटणारा बॉम्ब, एक बोट पुरे. लुकडा आणि जाड्या मग एकमेकांना सोडून दुकानदाराच्या मागे लागले. आयुष्यभर मिस्त्री, कंत्राटदार आणि इंजिनियर यांच्यात पिचलेल्या मास्तरांनी मध्यम मार्ग काढला आणि विचारलं, की मग दोन बोटं?

तिघेही त्यांच्याकडे वळले. दोन बोटं सगळ्यात वाईट, यावर त्यांचं एकमत होतं. उथळ नाही की खोल नाही, घाण अडकते आणि काम होत नाही. त्या दुकानात त्या दिवशी झालेलं हे एकमेव एकमत.

दवाखान्यातल्या टाकीत लेकीने घातलेली वाळू बरोब्बर दोन बोटं होती. मास्तरांनी परत जाऊन मोजली.

आता चूक कुणाची, तेच त्यांना कळेना. त्यांनी धुतली ही चूक, की तिने दोन बोटं घातली ही, की मुळात ही वाळू वाळू नव्हती ही? विचारायचं तर एकच माणूस होतं, आणि त्याला काळजी करायची मनाई होती. मग त्यांनी जगबुडीत सापडलेला माणूस करतो तेच केलं. बोटांचा वाद सोडून बाकी ज्याने जे सांगितलं ते सगळं केलं. मागच्या कोपऱ्यातली वरवरची वाटीभर जुनी वाळू, काळा थर न दुखावता, जीव मुठीत धरून काढली आणि नव्या वाळूवर विरजणासारखी लावली. लुकड्याने दिलेल्या सात गोगलगायी सोडल्या. त्या आल्या आल्या वाळूत घुसून गायब झाल्या, त्यामुळे त्या काम करतात की लपून बसल्यात ते कळायला मार्ग नव्हता. टाकीवरचा दिवा रोज दोन तास कमी लावला. एक दिवस नळीने थर ओढला, दुसऱ्या दिवशी, दुकानदार म्हणाला होता तसं, काहीही केलं नाही. काहीही न करणं सगळ्यात कठीण गेलं. त्या दिवशी ते तीन तास बाहेरच्या खोलीत बसून होते. रिसेप्शनच्या मुलीने त्यांना दोनदा पेशंट समजून आत पाठवायचा प्रयत्न केला.

काढलेल्या जुन्या वाळूतली मूठभर त्यांनी टाकीच्याच पाण्यासकट बरणीत भरून घरी नेली होती. सवयीने. फक्त हलवली नाही. दुसऱ्या सकाळी काचेला लागून केसाएवढे दोन किडे आणि एक कोळंबीसारखं, मोहरीएवढं काहीतरी फिरत होतं. त्यांनी बायकोला बोलावलं. दोघं बराच वेळ बरणीत बघत राहिली. शेवटी बायको म्हणाली, "म्हणजे चौतीस वर्षं तुम्ही ज्याला गाळ म्हणालात, तो असा चालतो?" नदीच्या वाळूत असलं काही नसतं, असं मास्तरांना म्हणायचं होतं. पण तिथे त्यांनी कधी एवढा वेळ बघितलंच नव्हतं.

नवव्या दिवशी तपकिरी थर विरळ झाला. दहाव्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा पट्टी पांढरी होती, मागच्या वाळूपेक्षा किंचित उजळ, एवढंच. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते कार्ड खणात टाकलं.

त्याच आठवड्यात लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा लेक म्हणाली, पुढच्या सोमवारपासून मी दवाखान्यात जाते. तिने डॉक्टरांना फोन लावला. मास्तर तिथेच बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. ती हो म्हणाली, मग बरं म्हणाली, मग पुन्हा बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर थोडा वेळ ती पाळण्याची दोरी नुसती हातात धरून बसली.

"काय म्हणाले?"

"यापुढे बाबांनाच पाठवा, म्हणाले. त्यांचा हात स्वच्छ आहे."

ज्या टाकीसाठी कंपनीला दूर ठेवायचं होतं, ती कंपनीने घेतली नव्हती. बापाने घेतली होती. मास्तरांच्या मांडीवर बाळ झोपलं होतं म्हणून ते उठू शकले नाहीत, नाहीतर उठले असते. बसल्या बसल्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं. अकरा पाणी, चादर, ऊन, तपकिरी थर, सात गोगलगायी. सांगताना त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, बाळाच्या कानाकडे पाहिलं.

लेक म्हणाली, "बाबा, मी ती टाकी पहिल्यांदा भरली ना, तेव्हा माझीही वाळू तपकिरी झाली होती. मी धुतली नव्हती."

मास्तरांनी मान वर केली. "मग कशाने झाली?"

"नवी असली की होते. बहुतेक."

"आणि गेली कशाने? वाटीने, की गोगलगायींनी, की दिव्याने?"

"जाते. आपोआपही जाते."

"म्हणजे मी वाळू मारली की नाही?"

"मारलीत. ते नक्की."

"मग त्यामुळे थर आला की नाही?"

"ते मला माहीत नाही, बाबा."

ती टाक्या सांभाळायला लागून सात वर्षं झाली होती. मास्तरांना वाटलं होतं, कुठेतरी एक वही असेल आणि तीत सगळं लिहिलेलं असेल. त्यांनी धीर करून शेवटचा प्रश्न विचारला, की मग दोन बोटंच वाळू का घातलीस, ती तर सगळ्यात वाईट. लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"त्या दिवशी दुकानात तेवढ्याच पिशव्या होत्या."

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून दवाखान्यात गेले आणि पेशंटांच्या रांगेतच बसले. पाळी आल्यावर खुर्चीत बसायला त्यांनी नकार दिला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, की डॉक्टर, माझा हात स्वच्छ नाही, माझी चूक स्वच्छ होती. पाणी गढूळ झालं नाही, कारण त्यातलं जिवंत सगळं मी आधीच धुऊन टाकलं होतं. लेक करते तेच बरोबर.

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "म्हणजे तिने केलं की पाणी गढूळ होणार, आणि ते बरोबर?"

"हो."

"आणि तुम्ही केलं की पाणी स्वच्छ राहणार, आणि ते चूक?"

"हो. पण नंतर थर आला तो माझ्यामुळेच आला, हे काही मी छातीठोकपणे सांगत नाही."

डॉक्टर छताकडे बघत राहिले. ते खरं तर तोंडातल्या जंतूंवर परीक्षा देऊन पास झालेले होते. कोणते जंतू ठेवायचे आणि कोणते मारायचे हा प्रश्न त्यांना नवा नव्हता, पण आपल्याच बाहेरच्या खोलीत तो कुणी विचारील अशी त्यांची अपेक्षा नव्हती. शेवटी ते म्हणाले, "दोघंही या. ती सांगेल, तुम्ही करा. आणि खुर्चीत बसाच, आला आहात तर दात बघतो."

मास्तरांची एक दाढ किडली होती. ते त्यांना माहीत नव्हतं.

सोमवारी, मेलेली वाळू पुन्हा थोडी थोडी बदलायला, बाळाला आजीपाशी ठेवून दोघं दवाखान्यात गेली. लेक टाकीसमोरच्या खुर्चीवर बसली, मास्तर स्टुलावर चढले. तिने पिशवी कापली. ते डबक्यासारखं पाणी मास्तरांनी पाहिलं आणि दात घट्ट आवळले. वाटी भरली. खांद्यापर्यंत हात घालून ती तळाशी नेली. लेक म्हणाली, हळू, आता तिरपी करा. त्यांनी तिरपी केली.

वाटीतून पांढरा ढग उठला. आधी वाळूवर आलेल्या गोगलगायी त्यात गेल्या, मग दगड, मग मासे. मग मास्तरांचा स्वतःचा हात कोपरापासून खाली दिसेनासा झाला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता थांबायचं."

"किती?"

ती उत्तर देणार तोच आतलं दार उघडून डॉक्टर बाहेर आले. बाकांवर चार पेशंट बसले होते आणि चौघंही दुधाच्या टाकीकडे बघत होते. डॉक्टरांनी भुवया वर केल्या.

"दोन दिवस," लेक म्हणाली.

"तीन," त्याच क्षणी मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.